लायपो पॅक चांगला की खराब, हे घरी कसं तपासायचं?

मोकळं_आभाळ, नाशिक

नमस्कार मंडळी. रिमोटवरच्या मॉडेल विमानासाठी गेल्या महिन्यात नवा लायपो (लिथियम-पॉलिमर बॅटरी) घेतला, माझ्याकडचा तिसरा: ३एस (तीन सेल एका रांगेत), २२०० एमएएच, २५सी (क्षमतेच्या २५ पट करंट देतो असा दावा). विमान साधंच आहे, कोरोशीटचं हाय-विंग ट्रेनर, पंख १२०० मिमी, २२१२ ची १००० केव्ही (दर व्होल्टला मिनिटाला १००० फेरे) मोटर, ३० अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), १०४५ प्रॉपेलर. जुन्या दोन पॅकवर मी निवांत नऊ-दहा मिनिटं उडवतो. नव्यावर सातव्या मिनिटालाच मोटरचा आवाज बसायला लागला आणि लँडिंगला वळताना थ्रॉटल दिला तर जोरच नाही, कसंबसं माळावर टेकवलं.

घरी येऊन पूर्ण चार्ज केला आणि चार्जरवरच डिस्चार्जला लावला. चार तासांहून जास्त लागले आणि आकडा आला १९००. म्हणजे ३०० एमएएच गेले कुठे? दुकानदार म्हणतो नवा पॅक आहे, पाच-सहा वेळा वापरा मग मोकळा होईल. खरं आहे का हे? आणि पॅक नीट तपासायचा म्हणजे नेमकं काय करायचं? माझ्याकडे साधं ५० वॉटचं चार्जर, मल्टिमीटर आणि तो बॅलन्स प्लगला (एकेका सेलची तार बाहेर काढलेला छोटा प्लग) लावायचा शिट्टीवाला अलार्म एवढंच आहे.

सोल्डरची_राख, पुणे

उडवून आल्यावर एकेका सेलचं व्होल्टेज बघितलं होतंस का? पूर्ण पॅकचं नाही, एकेका सेलचं.

मोकळं_आभाळ

नाही दादा. अलार्म सेलमागे ३.३ व्होल्टला लावलाय पण वाऱ्यात आणि मोटरच्या आवाजात ऐकू येत नाही.

सोल्डरची_राख, पुणे

तिथूनच सुरुवात कर. आता तुझ्या १९०० बद्दल. त्या आकड्यावर लगेच भांडायला जाऊ नकोस, आधी तो आकडा कसा आला ते बघ.

आपल्या सगळ्यांकडे जे छोटं ५० वॉटचं चार्जर असतं त्याची डिस्चार्जची ताकद असते फक्त ५ वॉट. ११.१ व्होल्टने भाग, ०.४५ अँपिअर येतात. म्हणून चार तास लागले. विमानात तू दहा-बारा अँपिअर ओढतोस आणि इथे अर्धा सुद्धा नाही, म्हणजे ही परीक्षा पॅकसाठी एकदम सोपी होती. सोप्या परीक्षेतही १९०० आले असतील तर काळजीचं कारण आहे, पण दोन गोष्टी आधी तपास.

पहिली, डिस्चार्ज कुठे थांबवायला सांगितलं होतंस? बऱ्याच चार्जरवर सेलमागे ३.० पासून ३.७ पर्यंत काहीही निवडता येतं. ३.५ वर ठेवलं असेल तर थोडा माल आतच राहतो. दुसरी, चार्जर ४.२० म्हणतं तेव्हा खरंच ४.२० असतं का? चार्ज संपल्या संपल्या मल्टिमीटरच्या सळ्या बॅलन्स प्लगमध्ये घालून तिन्ही सेल मोज. सळ्या एकमेकींना चिकटू देऊ नकोस, शॉर्ट झालं तर बॅलन्सची वायर क्षणात जळते. मी सळ्यांच्या टोकांना हीट-श्रिंकची नळी चढवलीय, नुसतं टोक उघडं.

आणि अलार्म ३.३ ला फार उशिरा वाजतो. ३.५ ला लाव.

वऱ्हाडी_गरुड, नागपूर

राजेहो, २५सी लिहिलं म्हणून २५सी असते काय? सी रेटिंग मोजायची एक ठरलेली पद्धतच नाही, ज्याला जे वाटलं ते तो छापतो. २२०० गुणिले २५ म्हणजे ५५ अँपिअर. त्या मोटरला पूर्ण थ्रॉटलला पंधराच्या आसपास लागतात, म्हणून कोणाला कळत नाही की ५५ खरे की खोटे.

माझी पद्धत सांगतो. दुकानात जाताना किचनचा छोटा डिजिटल वजनकाटा घेऊन जातो. ३एस २२०० चा बरा पॅक १७० ते १९० ग्रॅमच्या मधात भरतो. १४० भरला तर आत २२०० चा माल नाही हे तिथंच समजून घ्यायचं. दुकानदार बघत राहते पण देते काढून.

रानपाखरू, रत्नागिरी

वजनकाटा घेऊन लायपो घेणारा पहिलाच माणूस बघितला. कोथिंबीर वरून घालून देतात का?

वऱ्हाडी_गरुड, नागपूर

ताई, कोथिंबीर नाही पण कनेक्टर फुकट देते.

बाल्सा_काका, कोल्हापूर

वजनाचं पटलं, पण वजनाने माल किती ते कळतं, माल कसा ते कळत नाही. तपासायचं तर लोड लावूनच तपासायचं, हे मी माझ्या पदरचं विमान घालवून शिकलोय.

त्यावेळी लायपो नव्हते. ग्लो इंजिनचं (इंधनावर चालणारं छोटं इंजिन) विमान, रिसीव्हरला चार सेलचा ४.८ व्होल्टचा नायकॅड (निकेल-कॅडमियम) पॅक. रात्रभर ट्रिकल चार्ज करायचा, चौदा ते सोळा तास, सकाळी माळावर. मीटर लावला की ५.२ दाखवायचा, खूश होऊन विमान सोडायचो. एक दिवस तिसऱ्या फ्लाइटला विमानाने ऐकणंच बंद केलं. इंजिन मस्त चालू, सर्व्हो (पंख-शेपटीचे भाग हलवणाऱ्या छोट्या मोटरी) मेलेले. सरळ जाऊन बारा फुटी उसात. आम्ही तीन दिवस शोधलं, नाही मिळालं. तोड आली तेव्हा टोळीतल्या बाईने आणून दिलं, पॅक तसाच आत.

घरी आणून एकेक सेल तपासला. तीन बरे, एक मेलेला. आणि तो नुसता मेलेला नाही, बाकीच्या तिघांनी त्याला उलटा चार्ज केला होता, प्लसचा मायनस. बिनलोडचा मीटर हे कधीच सांगत नाही, कारण अशक्त सेलसुद्धा आरामात बसला असेल तर व्होल्टेज पूर्ण दाखवतो. त्यानंतर मी मीटरला समांतर एक पॉवर रेझिस्टर जोडून टाकला, साधारण अर्धा अँपिअर ओढणारा, आणि दर फ्लाइटआधी दहा सेकंद लोडवर बघायचो. पॅक ४.८ च्या खाली गेला की त्या दिवशीचं उडवणं बंद.

बाळा, लायपोचंही तेच. गाडीच्या हेडलाइटचा ६०/५५ चा बल्ब आण, एच४ म्हणून कुठल्याही स्पेअरपार्टच्या दुकानात मिळतो. दोन्ही फिलामेंट एकत्र जोडलेस तर १२ व्होल्टला साडेनऊ अँपिअरच्या आसपास ओढतो. बल्ब प्रचंड तापतो, फरशीवर किंवा विटेवर ठेव, त्याच्याकडे टक लावून बघू नकोस, काचेला हात लावू नकोस. पॅक पूर्ण चार्ज करून जोड, दहा सेकंद थांब आणि लोड चालू असतानाच तिन्ही सेल मोज. जो सेल बाकीच्यांपेक्षा जास्त पडेल तो गुन्हेगार.

सोल्डरची_राख, पुणे

काका, एक भर घालतो. फिलामेंट थंड असताना त्याचा रेझिस्टन्स दहा भागात एक भाग असतो, म्हणून जोडताक्षणी ठिणगी येते आणि करंट खूप चढतो. ते पहिलं रीडिंग घ्यायचं नाही, बल्ब स्थिर पेटला की घ्यायचं. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर कोणाकडे असेल तर वायरभोवती लावून खरा करंट लिहून ठेव.

विंगस्पॅन_३मी, ठाणे

दुकानदाराचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. मी प्रत्येक नवा लायपो आधी अर्ध्या सीवर तीन-चार वेळा चार्ज-डिस्चार्ज करतो आणि मगच उडवतो. रेझिस्टन्स पहिल्या काही वापरांत थोडा उतरतो हे मी माझ्या पाच-सहा पॅकवर बघितलंय. आधीच पूर्ण थ्रॉटल मारला तर पॅक लवकर फुगतो.

सोल्डरची_राख, पुणे

इथे असहमत. ही निकेलच्या काळातली सवय आहे. निकेल-मेटल हायड्राइडचा नवा किंवा खूप दिवस पडून असलेला पॅक सी/१० वर (क्षमतेच्या दहाव्या भागाएवढ्या करंटवर) रात्रभर चार्ज केल्याशिवाय सगळे सेल एका पातळीवर येत नाहीत, तिथे हे लागतंच. लायपोला लागत नाही. पहिल्या दोन-तीन फ्लाइट जरा सबुरीने कराव्यात एवढंच. आणि रेझिस्टन्स उतरला तरी थोडा उतरेल, ३०० एमएएच उगवणार नाहीत.

विंगस्पॅन_३मी, ठाणे

माझे पॅक तीन-तीन वर्षं चालतात, मी माझी पद्धत बदलणार नाही. पण ३०० उगवणार नाहीत हे मान्य.

मिलीओहम, सांगली

मी फिजिक्स शिकवते आणि आमच्या कॉलेजच्या एअरोमॉडेलिंग टीमच्या बॅटऱ्या माझ्या ताब्यात असतात, त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते.

प्रत्येक सेलच्या आत रेझिस्टन्स असतो आणि करंट वाहायला लागला की व्होल्टेजचा काही भाग तिथेच जातो. समजा २२०० च्या पॅकमध्ये सेलमागे ८ मिलीओहम आहे. १५ अँपिअरला सेलमागे ०.१२ व्होल्ट पडतात, चालून जातं. आता लेबलवरचे ५५ अँपिअर खरंच ओढून बघा. सेलमागे ०.४४ व्होल्ट पडले, ते सोडा, उष्णता बघा. करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स, ५५ चा वर्ग ३०२५, तीन सेल मिळून २४ मिलीओहम, म्हणजे सुमारे ७२ वॉट. आपलं साधं सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचं असतं. तशी तीन आयर्न १८० ग्रॅमच्या पाकिटात कोंबून चालू केल्यासारखं होतं. म्हणून मी मुलांना सांगते, सी वाचूच नका, मिलीओहम मोजा.

पण मोजताना तीन गोष्टी सांभाळा. पॅक गार असेल तर रेझिस्टन्स वाढतो, गरम असेल तर उतरतो. वऱ्हाडी_गरुड यांच्याकडे मे महिन्यात दुपारी मोजलेला आकडा आणि महाबळेश्वरला डिसेंबरच्या पहाटे मोजलेला आकडा यांची तुलना करून काहीच हाती लागणार नाही. आम्ही पॅक दोन तास खोलीत ठेवतो, खोलीचं तापमान २५ च्या आसपास असताना मोजतो आणि ते तापमानही वहीत लिहितो. दुसरं, दरवेळी पॅक तेवढाच भरलेला असावा, आम्ही पूर्ण चार्जवरच मोजतो. तिसरं, दोन वेगळ्या चार्जरचे आकडे जुळत नाहीत. कोणी क्षणभराचा झटका देऊन मोजतं, कोणी लांबवर, कोणी एसी सिग्नलने. काकांच्या बल्बवर दहा सेकंद थांबून काढलेला आकडा चार्जरच्या आकड्याच्या दुप्पटही येईल, कारण तेवढ्या वेळात सेलमधली रसायनंही दमतात. म्हणून एकच चार्जर, एकच मीटर, तीच पद्धत, आणि तुलना करायची ती त्याच पॅकच्या मागच्या महिन्याच्या आकड्याशी किंवा शेजारच्या सेलशी.

आमचा नियम: नवा असताना होता त्याच्या दुप्पट रेझिस्टन्स झाला किंवा क्षमता ८० टक्क्यांच्या खाली गेली की तो पॅक विमानातून काढायचा.

रानपाखरू, रत्नागिरी

मॅडम, फारच छान लिहिलंत. किनाऱ्यावरच्यांसाठी एक जोड देते. आमच्याकडे खाऱ्या हवेने एक्सटी ६० च्या (पॅकच्या मुख्य कनेक्टरच्या) पिना वर्षभरात मळकट होतात. मला वाटलं पॅक गेला, फ्लाइटनंतर हात लावून बघितला तर पॅक थंड आणि कनेक्टर गरम. पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्या, टोकाला चीर असलेली पिन पातळ पात्याने किंचित उघडली, विमान पुन्हा पहिल्यासारखं. त्यामुळे पॅकला दोष देण्याआधी कनेक्टर चाचपून बघा.

आठवीतल्या_पायलटची_आई, चिपळूण

हा धागा मुलाने दाखवला. त्याने शाळेच्या प्रदर्शनातून नाद घेतला आणि आता घरात दोन लायपो आहेत. तो रात्री चार्जिंगला लावून झोपतो. मला यातलं काही कळत नाही, पण पेट घेतलेल्या बॅटऱ्यांचे व्हिडिओ बघून झोप लागत नाही. नेमकं काय धोक्याचं आहे ते कोणी स्पष्ट सांगेल का?

बाल्सा_काका, कोल्हापूर

ताई, तुमची काळजी रास्त आहे आणि मुलाचा नाद पण चांगला आहे. दोन्ही सांभाळता येतं.

झोपेत चार्जिंग आजपासून बंद. २२०० चा पॅक २.२ अँपिअरवर सव्वा तासात होतो, तो जागा असताना, डोळ्यासमोर करायचा. गादी, सोफा, पुस्तकांचं कपाट यांच्यापासून लांब, फरशीवर, मातीच्या मोठ्या कुंडीत ठेवला तर उत्तम. फुगलेला, टोचलेला किंवा विमान आपटल्यावर आवरण चेपलेला पॅक चार्जला लावायचाच नाही. बॅलन्स प्लग लावल्याशिवाय चार्ज करायचं नाही. आणि सर्वात महत्त्वाचं, चार्जरवर प्रकार लायपोच निवडलाय ना आणि सेल तीनच दाखवतोय ना, हे दरवेळी मोठ्याने वाचायला लावा. लायपो चुकून निकेलच्या सेटिंगवर लावला तर चार्जर सेलमागे ४.२ ला थांबतच नाही, त्याने आग लागू शकते.

उडवायचं नसेल तर दोन-तीन दिवसांच्या वर पूर्ण भरलेला ठेवायचा नाही. स्टोरेज नावाचा पर्याय असतो, तो सेलमागे ३.८ ते ३.८५ वर आणून ठेवतो.

वऱ्हाडी_गरुड, नागपूर

काकांच्या शेवटच्या ओळीला हजार मार्क. मागच्या एप्रिलात पूर्ण भरलेले दोन पॅक दुपारभर बंद गाडीत राहिले. संध्याकाळी पाहतो तर उशीसारखे टम्म. एका दुपारीत. आता आइसबॉक्समध्ये नेतो, बर्फ न टाकता, फक्त ऊन लागू नये म्हणून.

आठवीतल्या_पायलटची_आई, चिपळूण

मनापासून आभार काका. त्याला वाचून दाखवलं. कुंडी गच्चीतून खाली आणली आहे.

प्रेअरीवरचा_देशपांडे, कॅल्गरी

इथे उलटी गोष्ट. हिवाळ्यात शून्याखाली उणे दहाला गोठलेल्या तळ्यावर स्की लावून उडवतो आम्ही. गाडीच्या डिकीत राहिलेला पॅक जोडला की टेक-ऑफलाच अलार्म शिट्टी मारतो. तोच पॅक जॅकेटच्या आतल्या खिशात अर्धा तास ठेवला की नीट चालतो. माझ्या चार्जरवर तोच पॅक उबदार खोलीत सात-आठ मिलीओहम दाखवतो आणि गॅरेजमध्ये पंधराच्या पुढे. मिलीओहम मॅडम म्हणतात ते इथे रोज दिसतं.

एक विचारायचं होतं, पुढच्या महिन्यात भारतात येतोय, पुतण्यासाठी दोन ३एस २२०० आणू शकतो का विमानातून?

सोल्डरची_राख, पुणे

आणू शकता. ११.१ गुणिले २.२, म्हणजे २४.४ वॉट-अवर, १०० च्या आतल्याला सहसा अडवत नाहीत. पण फक्त हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये सुटे लिथियम पॅक अजिबात नाही. कनेक्टरवर टेप, प्रत्येक पॅक वेगळ्या पिशवीत, स्टोरेज व्होल्टेजला. लेबल खाडाखोड न झालेलं असू द्या, ते वाचूनच सोडतात. निघण्याआधी एअरलाइनचा नियम एकदा बघा.

जुगाडू_पंखा, छत्रपती संभाजीनगर

विषय निघालाच आहे तर, जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतले गोल १८६५० सेल काढून ३एस पॅक बनवला तर? फुकटात होतं.

मिलीओहम, सांगली

ट्रेनरसाठी नको. लॅपटॉपच्या सेलचा रेझिस्टन्स बराच जास्त असतो, तिथे त्यांना एक-दोन अँपिअरच द्यायचे असतात. पंधरा मागितले की व्होल्टेज कोसळेल आणि सेल तापतील. चांगल्या, नव्या, जास्त करंटच्या गोल सेलचे पॅक लांब पल्ल्याच्या ग्लायडरला लोक वापरतात, ते वेगळं. टाकाऊ सेलचं वय आणि इतिहास आपल्याला माहीत नसतो, आणि कोणाच्या डोक्यावरून उडवणार आहोत आपण?

जुगाडू_पंखा, छत्रपती संभाजीनगर

समजलं मॅडम. टॉर्च बनवतो त्याची.

पेट्रोलचा_वास, बेळगाव

आमच्यासारख्या इंजिनवाल्यांना पण घ्या की चर्चेत. रिसीव्हरला मी २एस लायफे (लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरी) वापरतो, ६.६ व्होल्टचा. त्याचं व्होल्टेज सुरुवातीपासून जवळजवळ शेवटपर्यंत सपाट, मग एकदम कड्यावरून पडल्यासारखं खाली. मीटर बघून किती उरलंय ते कळतच नाही. म्हणून मी प्रत्येक दिवसानंतर चार्जरने किती एमएएच परत घातले ते लिहितो आणि फ्लाइटच्या संख्येने भागतो. माझ्या विमानात एका फ्लाइटला ११० ते १२० जातात. एकदा एकदम १८० निघाले, बॅटरी ठीक होती, एक सर्व्हो लिंकेज अडकून सतत करंट ओढत होता. बॅटरीच्या वहीने सर्व्हो वाचवला.

बाल्सा_काका, कोल्हापूर

हे सगळ्यांनी लिहून घ्या. इलेक्ट्रिकवाल्यांनी पण. २२०० च्या पॅकमध्ये परत १७६० च्या वर जात असतील तर टायमर कमी करा, ८० टक्क्यांच्या पुढे पिळायचं नाही.

मोकळं_आभाळ, नाशिक

मंडळी, उशीर झाला, दोन शनिवार गेले. पण सगळं केलं, सविस्तर लिहितो.

सोल्डरची_राख दादा म्हणाले ते दोन्ही बरोबर निघालं. डिस्चार्जचा कट-ऑफ मी ३.५ वर ठेवला होता. आणि चार्जर ४.२० म्हणत होतं तेव्हा मल्टिमीटरवर ४.१६ च येत होते. मीटरच चुकत असेल म्हणून शेजारच्या इलेक्ट्रिशियन काकांच्या मीटरवर पण बघितलं, तेच. चार्जरच्या मेनूमध्ये कॅलिब्रेशन सापडलं, ते नीट केलं, आता ४.१९ येतात.

मग कट-ऑफ ३.२ करून पुन्हा डिस्चार्ज. आकडा आला १९९०. म्हणजे ९० माझ्या सेटिंगमुळे गेले होते. पण खरी गंमत पुढे. डिस्चार्ज थांबला त्या क्षणी सेल मोजले: पहिला ३.५४, दुसरा ३.२०, तिसरा ३.५५.

काका, बल्बही आणला. आईच्या जुन्या पाट्यावर ठेवून केलं. मित्राच्या क्लॅम्प मीटरवर ९.४ अँपिअर. बिनलोड तिन्ही ४.१९. लोडवर दहा सेकंदांनी ४.०३, ३.९०, ४.०३. मित्राच्या चार्जरवर रेझिस्टन्स पण बघितला, ८, १५, ८. जुन्या दोन पॅकचे तिन्ही सेल ११-१२ च्या आसपास, एकसारखे.

आता मॅडम, हे मला वाटतंय तेच आहे का?

मिलीओहम, सांगली

शाब्बास, इतकं नीट मोजलंस. हिशोब कर: पहिला ४.१९ वजा ४.०३, ०.१६ भागिले ९.४, १७ मिलीओहम. दुसरा ०.२९ भागिले ९.४, ३१. चार्जर म्हणतो ८ आणि १५, बल्ब म्हणतो १७ आणि ३१. आकडे वेगळे, पण दोन्ही पद्धती एकच सांगतात की दुसरा सेल शेजाऱ्यांच्या जवळपास दुप्पट आहे.

आणि डिस्चार्जच्या शेवटी बाकीचे दोघे ३.५४ वर असताना तो ३.२० ला पोचला, म्हणजे त्याची क्षमता पण कमी आहे. तीन सेल एका रांगेत जोडलेले, त्यामुळे पॅकची क्षमता ती सगळ्यात अशक्त सेलची. बाकीच्या दोघांत शंभरेक एमएएच अजून असतील, पण ते वापरायला गेलास तर दुसरा मरेल. सातव्या मिनिटाला तोच खाली गेला आणि मोटरचा आवाज बसला.

सोल्डरची_राख, पुणे

आणि हेही लक्षात घे की पूर्ण चार्जला तिघंही ४.१९ दाखवत होते. बॅलन्स करणारं चार्जर तिघांना सारखं करूनच सोडतं, म्हणून चार्ज झाल्यावर बघून काही कळत नाही. उडवून आल्यावर पाच मिनिटं थांबून सेल बघायचे, तिथे खोटं चालत नाही. रोजच्यासाठी एवढी एक सवय पुरे, बल्ब महिन्यातून एकदा.

विंगस्पॅन_३मी, ठाणे

हे रीडिंग बघून मी पण म्हणतो, चार सायकलने हा सेल सुधरणार नाही. आकडे लिहून दुकानात ने. नवा असताना एक सेल एवढा वेगळा म्हणजे सेल जुळवून लावलेलेच नाहीत.

जुगाडू_पंखा, छत्रपती संभाजीनगर

दुकानदाराने नाहीच बदलून दिला तर मिठाच्या पाण्यात टाकायचा ना?

सोल्डरची_राख, पुणे

नको. मिठाच्या पाण्याने बाहेरच्या तारा आणि पत्र्या गंजून तुटतात आणि आत चार्ज तसाच राहतो, आपल्याला वाटतं मेला. काकांचाच बल्ब उघड्यावर, फरशीवर जोडून ठेव, पूर्ण विझेपर्यंत आणि नंतरही काही तास. मीटरवर शून्याजवळ आला की वायरी एकेक करून काप, टोकांना टेप लाव आणि ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात दे. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांत बॅटऱ्या परत गोळा करायची जबाबदारी उत्पादकांवर टाकलीय, त्यामुळे शहरांत केंद्रं सापडतात. घंटागाडीत कधीही टाकू नका, गाडीत दाबला गेला की पेटतो आणि तिथे काम करणाऱ्या माणसाचा हात भाजतो.

आठवीतल्या_पायलटची_आई, चिपळूण

माझ्या पायलटने दोन्ही पॅकवर मार्करने १ आणि २ लिहिलंय, पहिल्या चार्जची तारीख घातलीय आणि शाळेच्या जुन्या वहीत रकाने आखलेत: तारीख, खोलीचं तापमान, तीन सेल, परत घातलेले एमएएच, उडवलेली मिनिटं. तापमानासाठी आजीचा ताप मोजायचा थर्मामीटर घेऊन बसला होता, त्यात खोलीचं येत नाही म्हणून रडकुंडीला आला. भिंतीवरचा आणून दिला.

पेट्रोलचा_वास, बेळगाव

हा मुलगा पुढे जाणार. त्याला सांगा बेळगावला आला की इंजिनचं विमान उडवायला देतो, बडी-कॉर्ड (शिकणाऱ्याचा आणि शिकवणाऱ्याचा रिमोट जोडणारी तार) लावून.

मोकळं_आभाळ, नाशिक

अपडेट. आज दुकानात बल्ब, मीटर आणि कागद घेऊनच गेलो. आधी नाही म्हणाले, मग म्हटलं इथेच जोडून दाखवतो, लोडवर ३.९० दिसल्यावर मालक स्वतः उठून आले आणि बदलून दिला. नवीन निवडताना तीन पॅक बल्बवर लावून बघू दिले.

वऱ्हाडी_गरुड, नागपूर

अन् वजन?

मोकळं_आभाळ, नाशिक

१८३ ग्रॅम. मित्राच्या चार्जरवर ७, ७, ८, खोली २६ अंश. पॅक ४ म्हणून वहीत लिहिला. उद्या सकाळी सातला माळावर, वारा कमी असेल तर.